परका कोट

आस्लाउगनं आधी माझं जाकीट उतरवायला लावलं.
लाल होतं. नवंकोरं. नॉर्वेच्या वाऱ्यासाठी मुद्दाम घेतलेलं,
किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून आत लोंबत होती.
"बुजतात ती," एवढंच म्हणाली
आणि खुंटीवरचा करडा कोट दिला, एइलर्टचा.
त्याला जाऊन सात हिवाळे झाले.
बदकं अजून कोट ओळखतात.

तर मी एका मेलेल्या माणसाच्या कोटात,
बाह्या दोनदा दुमडून,
तिच्या पावलात पाऊल टाकत.
खडकावर दगडफूल, आपण मसाल्यात घालतो त्याच्याच गोतातलं.
त्यावर उमटलेला बुटाचा ठसा
बुजायला किती वर्षं लागतात, ते तिनं बोटांवर दाखवलं.
एक हात पुरला नाही.

मे सरत आलेला. रात्र व्हायचं नावच घेत नव्हती.
होडी वल्ह्यांनी आणलेली, कुत्रं पलीकडच्या बेटावर बांधलेलं.
दगड रचून, वर फळी टाकून
केलेली गुडघ्याएवढी घरं, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली,
आत सुकं समुद्रगवत.
दरवर्षी ती ते नवं अंथरते,
माहेरवाशिणी यायच्या आधी.

एका दारात एक तपकिरी डोळा.
स्वतःच्या छातीची लव उपटून
तिनं अंड्यांना पांघरलेली.
माझा हात आपसूक खिशात गेला.
फोन लाल जाकिटात राहिला होता.
एइलर्टच्या खिशात सुतळीचा तुकडा, एक खिळा
आणि कागदाला चिकटून बसलेली खोकल्याची गोळी.

बाळंतिणीच्या खोलीबाहेर
चपला काढून उभं राहावं, तसा उभा राहिलो.
कुणी आत ये म्हणत नव्हतं.

परतताना वल्हं थांबवून तिनं सांगितलं:
गेल्या साली कुणी तरी ड्रोन उडवला.
सगळी एकदम उठली, समुद्रावर गेली.
एकोणीस घरट्यांतली अंडी गार पडली.
"चांगली माणसं होती," ती म्हणाली.
"जाताना केर वेचून गेली. आमचासुद्धा."

मग बराच वेळ फक्त पाणी.

धक्क्यावर कोट परत केला,
गोळी त्याच्या खिशात तशीच ठेवून,
आणि माझं जाकीट अंगात चढवलं.
केवढ्यानं वाजत होतं ते!
आतापर्यंत मला ऐकूच आलं नव्हतं.