बावीस की एकेचाळीस

यावल नाक्यापुढं नवं शोरूम झालंय.
काचेआड निळी सायकल,
बॅटरी पोटात घातलेली, कळूनही येत नाही.
पोरगा म्हणाला, मॅडम, बसून तर बघा.
मॅडम कोण, म्हणून मी मागं पाहिलं.
चोपड्यात मला पिग्मीवाली म्हणतात.

बसले. एक पायडल मारलं
आणि पाठीला कुणी हात लावल्यासारखी पुढं गेले.
शिकताना भाऊ असाच ढकलायचा,
धापा टाकत, शिव्या देत.
इथं मागं कुणी धापा टाकत नव्हतं.
उतरले तेव्हा गुडघ्याला काही कळलंच नव्हतं.
एकेचाळीस हजार, पोरगा म्हणाला, हप्ते आहेत.
हप्ते! हे मला सांगतो.

बाजारात गोष्ट माझ्याआधी पोचली.
भांडीवाली सखूबाई म्हणे,
"नवीच ली ले वं माय, जुनीले कितला दिन ठिगळं लावशी?"
गुलाब शिंपी म्हणे, "मोटर बसाडी ले."
जन्म ठिगळं लावण्यात गेला त्याचा,
तो दुसरं काय सांगणार.

दिवसाला चाळीस टाकले
तर बावीस हजाराला साडेपाचशे दिवस,
एकेचाळीसला एक हजार पंचवीस.
हा हिशेब मला झोपेत येतो.
लोकांच्या मुलींची लग्नं, बोअरच्या मोटारी,
एकाचा सोन्याचा दात,
सगळं मी असंच दिवसांत मोडून दिलंय.
गुडघा मात्र दिवसांत मोडता येत नाही.
चहार्डीच्या रस्त्याला मे महिन्यात
डांबर टायरला धरून ठेवतं,
तिथं तो आपला वेगळाच हिशेब काढतो.

सुभान तडवीनं सायकल उलटी केली.
फ्रेमवर पाना वाजवून कान लावला,
डॉक्टर लावतो तसा.
पोलाद आहे, म्हणाला. बसेल मोटर पुढच्या चाकात.
मग पट्टीनं फोर्क मोजला, दोनदा,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
बावीस. पण ब्रेक नवे घ्या, वर नऊशे.
मोटर पळवते बाई, थांबवत नाही.
नाव काय लिहू?
बाविस्कर.
तो हसला नाही. मीच हसले.

आणि ही खडखड? मी विचारलं.
कारण ती माझ्याआधी गल्लीत शिरते.
ती ऐकून गुलाब मशीन न थांबवता
डाव्या हातानं गल्ल्यातून वीस काढतो.
ती ऐकून पानवाला बन्सी
मागच्या बोळात लघवीला जातो.
निळीवर बसून गेले असते
तर बन्सी सापडला असता,
आणि गुलाबला मी आलेली कळलीच नसती.

सुभाननं चेनकव्हरवर अंगठा ठेवला.
खडखड थांबली.
एक स्क्रू आहे, म्हणाला. दोन मिनिटांचं काम.
चोवीस वर्षं कुणी आवळला नाही, एवढंच.
आवळू?
मी म्हटलं, राहू दे आज.
मग म्हटलं, मोटरचंही नंतर सांगते.
त्यानं सायकल सरळ केली, हात पुसले,
पैसे घेतले नाहीत. पाना वाजवायचे काय घ्यायचे?

रात्री पावतीपुस्तक उघडलं.
एवढ्या वर्षांत सगळ्या गावाची नावं लिहिली.
पुष्पलता बाविस्कर.
स्वतःचं नाव लिहिताना ल चुकला,
खोडून परत लिहिलं.
रुपये चाळीस फक्त.
खालच्या कागदावर कार्बन उमटला का, वर करून पाहिलं.
बावीससाठी की एकेचाळीससाठी,
असा रकाना पावतीवर नसतो.

सकाळी आठला निघाले. वारा समोरून.
नाक्याच्या चढावर गुडघा बोलला.
काचेआड निळी तशीच उभी,
पोरगा फडक्यानं तिची सीट पुसत होता.
मी मान वळवली नाही, डोळे वळले.
पुढं बन्सीची टपरी आली,
खडखड ऐकली
आणि तो बोळात शिरला.