बोटं सोडा

संत्र्याच्या गोदामात, टिनाखाली,
सकाळी सातलाच हवा अशी
की तवा उतरवून ठेवल्यासारखी.
सुकेशिनी मेश्राम सांगते, नागपुरात
हीटर लावून खोली तापवतात,
मग आसनं. महिन्याचे अडीच हजार.
आम्ही सातही जणी हसतो.
पुष्पा कोहळे म्हणते,
"मंग तं आपुन करोडपतीच झालो व माय!"

वरुडाच्या अलीकडचं गाव, मे महिना.
पेट्या कधीच्या निघून गेल्या,
कोपऱ्यात तणसाचा ढीग उरला,
आणि सतरंजीला वाळल्या सालीचा वास.
मी सगळ्यांत मागं, दाराजवळ.
कंडक्टरची जागा तीच.

बावीस वर्षं. मोर्शी-वरुड, वरुड-मोर्शी.
एका हातात तिकिटाचं मशीन,
दुसऱ्यात सुटे पैसे,
आणि दांडी धरायला तिसरा हात
महामंडळानं काही दिला नाही.
मग मी पायाच्या बोटांनी धरलं.
चपलेच्या आत, कोणाला न दिसता,
पोपट फांदी धरतो तसं
अख्खी बस धरून उभी राहिले.

वृक्षासन.
एक तळवा मांडीला, दुसरा जमिनीवर.
"सिंधूताई, बोटं सोडा."
सोडलीच तर आहेत, मी म्हणते.
ती खाली बसते, माझ्या अंगठ्याखाली
आपलं एक बोट सरकवायला बघते.
जात नाही.
वर बघून हसते. मी भिंत धरते.

मग ती टोपलं आणते.
उन्हानं गळालेली संत्री, हिरवी, कडक,
लिंबाहून थोडी लहान.
एकेक घ्या, तळव्याखाली ठेवा, फिरवा.
टाचेकडून चवड्याकडं, सावकाश,
जीव जाईल एवढा भार टाकू नका.
टाचेला काही कळत नाही, ती दगडच.
पण कमानीत, बरोबर मधोमध,
कुठलीशी गाठ,
आणि संत्रं तिथं थांबतं
विनंती थांब्यावर एसटी थांबते तसं.
कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही.
माझ्या डोळ्यांतून पाणी.
घाम आहे, मी सांगते.
घाम तर सगळ्यांनाच आलाय.

"इथं श्वास घ्या," ती म्हणते,
जणू पायाला नाक असतं.
घेऊन बघते.

डांबर दुपारी मऊ होतं, चपलेला चिकटतं,
तसं आत काहीतरी होतं खरं.
वज्रासनात चवडे दुमडून बसते.
काल दहा आकडे, आज चौदा.
पंधराव्याला माझ्या तोंडून शिवी जाते,
आणि सुकेशिनी मला उठवते.
तापलं की वाकतं, म्हणते,
पण वाकतंय म्हणून ओढत सुटू नका.
आज जे सैल वाटतं
ते उद्या पायरी उतरताना बोलतं.
मग माठाचं पाणी, मीठ-साखर घातलेलं,
एकच गिलास, सात जणींत फिरणारा.

शेवटी हाताची बोटं
पायाच्या बोटांत गुंफायची.
जोडवी काढून वर्ष झालं, पाय सुजायचे म्हणून.
तिथली पांढरी रेघ अजून तशीच.
चार बोटं कशीबशी आत जातात.
करंगळी दार उघडत नाही.
राहू दे, मी तिला म्हणते,
तू नंतर ये.

गुरुवारी बँकेचं काम होतं, वरुडला.
बस भरलेली. उभी राहिले.
नवा पोरगा, नाव वाचलं, धम्मपाल,
"मावशी, दांडी पकडा," म्हणाला.
पकडली. हातानं. दोन्ही हातांनी.
दांडी गुळगुळीत असते, मला माहीतच नव्हतं.
नाल्याच्या वळणावर
बोटं आपोआप खाली वळली.
मी ओठांतच म्हटलं, सोडा.
पुढच्या वळणावर पुन्हा म्हटलं.
तीन सुटली.
बाकीची अजून ड्युटीवर आहेत,
आणि पोरगा तिकीट फाडताना
माझ्या चपलांकडं बघतोय.