म्हणाले, झालं

तिघांच्या तीन फोनांत तीन वेगळे उद्या.
एकात पिवळा गोळा, एकात ढग आणि दोन थेंब,
तिसऱ्यात नुसतं चाक फिरतंय,
कारण या तळ्याकाठी रेंज येते ती फक्त
लाकडाच्या ढिगावर उभं राहिलं तर.

ब्रनोहून आलीत. नवे बूट, नव्या काठ्या.
उद्या खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं म्हणतात.
"तुम्हाला काय वाटतं?" मला विचारतात,
जणू माझा गुडघा ठणकला की आभाळ फाटतं.

माझे गुडघे बारा महिने ठणकतात, पोरांनो.
त्यांच्या भरवशावर राहू नका.
आणि ज्या गावाचं नाव टाकून तुम्ही हवामान बघताय
ते खाली आहे, सातशे मीटरवर, बेकरीपाशी.
तिथे उद्या लोक आइस्क्रीम खातील, हे अगदी खरं.
खिंड तेवीसशेवर.
बेकरीतलं ऊन तिथवर चढेपर्यंत
दहा अंशांनी शिळं होतं,
वर वारा, त्याचा हिशेब वेगळा.

मी वही काढते. चौकटीची, शाळकरी,
मेणकापडाचं वेष्टन, कोबीच्या सुपाचा डाग.
मधोमध रेघ. डावीकडे: म्हणाले.
उजवीकडे: झालं.
एकोणीस उन्हाळे, रोज एक ओळ.

वाऱ्याच्या बाबतीत ते सहसा खोटे पडत नाहीत.
बर्फाची उंची शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे.
पण जुलैतलं वादळ?
ते "दोननंतर" म्हणतात तेव्हा मी ओळींवरून बोट फिरवते:
दोन, तीन, एक, आलंच नाही, साडेबारा, दोन,
अकरा.
अकरावर बोट जरा थांबतं.
त्यांना ते दिसलं. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात व्हेन्डेलीन दारात वाकला.
वाकावंच लागतं, ओझं डोक्याच्या वर हातभर चढलेलं:
गॅसची टाकी, बटाटे, पाव, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.
सत्तर किलो, लाकडी चौकटीवर.
तो ऊन-पाऊस कधी विचारत नाही.
एकच आकडा: कड्यावरच्या वळणावर वारा किती.
पाऊस नुसता अंगावर पडतो, म्हणतो,
वारा पाठीला धरून ओढतो.

मुलं नकाशावर ओणवी.
ब्लाझेना नावाची, पणजीचं नाव लावलेली, म्हणाली,
"म्हणजे नेमकं किती वाजता?"
नेमकं कळलं असतं, तर मी इथे सूप ढवळत बसले असते का?
दहाला खिंड मागे टाका.
नाही जमलं, तर असाल तिथून वळा.

पहाटे चारला गेली. चहा प्यायली, उकडलेली अंडी विसरली.

आभाळ इतकं निर्मळ उजाडलं
की मला माझ्या वहीचीच लाज वाटली.
नऊपर्यंत.
मग कड्यामागून एक फुलकोबी वर आली,
तिच्यातून दुसरी.
साडेअकराला काचा थडथडल्या,
गारांनी तळं उकळायला लागलं,
आणि मी लाकडाच्या ढिगावर, फोन उंच धरून.
विजांमध्ये असं उभं राहू नये,
हे सगळ्यांना मीच सांगते.

"खाली पोचलो. तिघंही. अंडी तुम्ही खा."

ओल्या बोटांनी ओळ लिहिली.
म्हणाले: दोननंतर. झालं: साडेअकरा.
पान उलटताना उलटतच गेले, मागे, बरीच मागे,
एका ऑगस्टपर्यंत, जिथे अक्षर माझं नाही.
मी खाली इस्पितळात होते.
वही व्हेन्डेलीनच्या हाती,
कोळशाच्या पेन्सिलीने, हे एवढं मोठं:

म्हणाले: दिवसभर पाऊस.
झालं: मुलगी. तीन किलो दोनशे.
बाहेर बघितलं नाही.