बाकी एक

एरंडवण्यात कालव्याच्या रस्त्यावर
सकाळी सव्वानऊला मी खिळा धरते, यासीन हातोडी.
पत्र्याचे बिल्ले पिशवीतून क्रमानं निघतात,
झाडं कुठे क्रमानं उभी असतात?

पाच लाख दहा हजार पाचशे दहा
हा एका थोराड पर्जन्यवृक्षाला लागला.
घेर तीनशे चाळीस सेंटिमीटर, प्रकृती बरी,
ढोलीत कुणीतरी कोंबलेले चहाचे कागदी कप.
बिल्ला ठोकेपर्यंत मी बोटांवर करून पाहिलं :
दोन, तीन, पाच, सात,
अकरा, तेरा, सतरा,
सगळ्यांचा गुणाकार केला की नेमकी हीच संख्या.
सात जण एकेक करून पंगतीला बसावेत,
दरवेळी पातेलं पुसून लख्ख निघावं, तशी.

"ताई, घेर लिहिलास का?"

पुढचं झाड बुचाचं. सडपातळ, कुंपणाला रेललेलं.
पाच लाख दहा हजार पाचशे अकरा.
एकच जास्त.
दोनानं भागा, बाकी एक.
तिनानं भागा, बाकी एक.
पाच, सात, अकरा, कुणालाही विचारा,
सतरापर्यंत सगळ्यांच्या ताटाबाहेर
तेच एक शीत.

बंगल्यातून अष्टपुत्रे काका आले.
(फाटकावर पाटी : बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.)
त्यांनी आकड्यांची बेरीज केली.
"तेरा होतात. माझ्या दारात तेरा नको. शेजारचा बारावाला इकडे लावा."
मी म्हटलं, काका, तेरानं पूर्ण भाग जातो
तो त्या बारावाल्याला.
तुमच्याला जातच नाही.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
"शिक्षण?"
"एस.वाय. बीएस्सी."
"मग पुढे?"
मी बुंध्याला टेप गुंडाळला.

डबा खाताना फॉर्मच्या पाठीवर भागाकार मांडला.
मला वाटत होतं, ही मूळ संख्या असणार.
वाटत कसलं, हवीच होती मला तशी,
कुणाला न फुटणारी, एकटी, ताठ.
सतराच्या पुढे एकोणीस.
एक्कावन्नात एकोणीस दुणे अडतीस, उरले तेरा...
खाली उतरत गेले
आणि तळाशी शून्य.
सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर वेळा, बिनबोभाट.
एकोणिसाव्या वर्षी माझं कॉलेज सुटलं,
त्याचा इथे काही संबंध नाही.
पुढे तीही फुटली :
सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर.
ही दोघं कुठून आली? ओळखीची तर नव्हती.

पोळीचा शेवटचा घास तसाच हातात.
वाईट वाटलं का? थोडं.
मग उगाच हसू आलं,
ज्यांना आमंत्रण दिलं ते सातही जण परत गेले
आणि घर भरलं ते भलत्यांनीच.

यासीन नळावर डबा धुवून आला.
"निघू या? बाकी काय?"
"काही नाही," मी म्हटलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
बुच. फुलं पडलेली. मोजली नाहीत.