अर्जदार क्रमांक दोन

विट्याच्या कोर्टात माझ्या पोरीला
अर्जदार क्रमांक दोन म्हणतात.
क्रमांक एक मी.
सामनेवाला शारजात सोनं गाळतो.

बेलिफ आधी लेंगऱ्याला जाऊन आला.
सासऱ्यांनी त्याला चहा पाजला,
म्हणाले, आमचा त्याच्याशी काय संबंध न्हाई,
आणि खिशात त्यांचा फोन वाजत होता
तिकडच्या नंबरानं.

मग तिकडचा पत्ता मिळवला.
गल्ली नाही, घर नाही, कोपऱ्यावरचं दुकान नाही,
नुसता पोस्टातल्या पेटीचा आकडा.
समन्स गेलं. सात महिन्यांनी परत आलं,
पाकिटाच्या कडा मऊ झालेल्या,
कुणी रोज हातात घेऊन परत ठेवून द्यावं तशा.
बालवाडीत होती तेव्हा मृदुला. म्हणाली,
पप्पा पेटीत राहतात?
मी कांड्या भरत होते. हसले.
सूत तुटलं, गाठ मारली.

एकदा दिसला तो, कोर्टातल्या पडद्यावर,
मागं भट्टीचा घूं आवाज.
साहेबांनी विचारलं, उत्पन्न किती?
म्हणाला, मालकाच्या हाताखाली आहे, काही उरत नाही.
लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यानंच सांगितलेलं मला:
आम्ही दुकानातला केर टाकत नाही,
पायपुसणं, हात धुतलेलं पाणी,
जुना बनियनसुद्धा जाळतो,
निघतंच त्यातनं गुंजभर.
बनियनमधनं सोनं काढणारा माणूस,
त्याला पोरीपुरते चार हजार सापडेनात.
मग लाइनच गेली.

तरी हुकूम झाला.
दरमहा चार हजार, दहा तारखेच्या आत.
मी पेढे घ्यायला निघालेले,
तर पाटोळे वकील म्हणाले, थांबा ताई,
हा कागद विट्यात वाघ आहे,
विमानात बसला की मांजर.

मांजराच्या गळ्यात शिक्के बांधायचे मग.
नोटरीचा, मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा.
प्रत्येक खिडकीत आधीचा शिक्का खरा आहे
एवढंच सांगणारा शिक्का.
पोर खरी आहे का,
हे कुणी विचारलं नाही.
मंगळसूत्राच्या दोन वाट्या मोडल्या त्यात.
सराफानं कस लावला, म्हणाला, चोख आहे हो.
तेवढं एक चोख निघालं.

त्यांच्या भाषेत भाषांतर झालं,
उजवीकडून डावीकडं.
मृदुला म्हणाली, माझं नाव कुठाय?
मला दाखवता येईना.
तिनं कागद आरशासमोर धरला,
उलटं लिहिलंय ना, सरळ होईल म्हणून.
बराच वेळ धरून उभी होती.

त्या कागदात तिचं वय चार.
इकडं ती सातवीत गेली,
माझी चप्पल तिला होते,
गणितात माझ्या चुका काढते.
तिकडं कुठल्यातरी टेबलावर
ती अजून चार वर्षांचीच,
एक पेन्सिल, दोन फ्रॉक, अर्धा लिटर दूध.

मागच्या दिवाळीआधी पैसे आले, एकदाच.
बँकेनं कापून तीन हजार चारशे बारा.
पाठवणाऱ्याचं नाव नाही.
हुकुमाला भिऊन, की पोरीचा फोटो कुणी दाखवला,
की सासऱ्यांचाच जीव हलला, कळायला मार्ग नाही.
पासबुकात छापून घेतले.
मशीनची शाई संपत आलेली,
वाचायला खिडकीपाशी जावं लागतं.

वाढीव पोटगीचा अर्ज घातलाय आता.
परवा तारीख होती.
चाचणी बुडवून मृदुला आलेली माझ्याबरोबर.
शिपायानं पुकारलं, अर्जदार दोन?
ती ताडकन उठली,
शाळेतल्यासारखं खणखणीत म्हणाली,
हजर!
दोन-चार वकील हसले. साहेब हसले नाहीत.
सामनेवाल्याच्या नावानं तीनदा पुकारा झाला,
पडदा काळाच.

परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून
ती मला विचारत होती,
तिकडं आत्ता किती वाजले असतील.
म्हटलं, दीड तास मागं.
म्हणाली, म्हणजे त्यांनी अजून
आपल्याला पुकारलंच नसेल.