डोळा भरणे

डिसेंबरात पन्हेरीला सुटी नसते.
नाताळ असो की काही असो, साल सैल आहे तोवर
डोळे भरून घ्यायचे,
हे बाबांचं, नथनेल मास्तरांचं, पंचांग.
आठवडाभर चाकू, रविवारी उपदेश,
आणि दोन्हीकडे बोटांना तोच जंबेरीचा वास.

वाफ्यात उकिडवे बसून ते खुंटाला चीर द्यायचे,
चिरेत संत्र्याचा डोळा सरकवायचे,
पट्टी आवळून पुढच्या रोपाशी जायचे.
बोलणं मात्र मागच्याच रोपापाशी राहिलेलं.

"हा डोळा कुठला, उमरकर साहेब?"
कृषी सहायक मोटारसायकलला टेकून हसायचे.
"तुमच्याच मातृवृक्षाचा."
"अन् तो?"
"काटोलहून आणलेला."
"अन् तो?"
"असंल कुठला तरी. संध्याकाळ करता का, मास्तर?"

"संध्याकाळच करून रायलो.
सांजीले इरजन नसलं का बाई शेजारी वाटी घेऊन जाते,
शेजारीन तिच्या शेजारनीकडं.
गल्ली कितीबी लांब करा, साहेब,
समदेच मांगनारे असले
तं वाटीत दही येते कुठून?"

उमरकरांनी एकदा बरोबर जागी चाकू लावला:
"मग तुमच्या देवानं वाटी कोणाकडं नेली?"
बाबांच्या दातात पट्टी होती. गाठ मारली, मग म्हणाले,
"ज्याले न्या लागते तो देव नाही, बाप्पा.
तो पन्हेरीवाला. मायासारखा."

मी तेव्हा अमरावतीला तर्कशास्त्र शिकत होते.
म्हटलं, बाबा, प्रत्येक कलमेमागे एक झाड असतं
म्हणून सगळ्या बागांमागे एकच झाड असलं पाहिजे,
हे कुठून आलं?
"चांगलं शिकवतेत वं तिथं," ते म्हणाले,
आणि मला जेवायला वाढलं.
वाढायला आई नव्हती.
ती गेली त्या वर्षी डिंक्यानं दोन एकर बाग खाल्ली,
आणि त्या वर्षीच्या उपदेशांत
"म्हणून" हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही.

मग ती देवमन बोबड्यांना विकलेली तीनशे रोपं.
चुकीच्या खुंटावरची निघाली.
निघाली म्हणजे, वाफ्याची पाटी पुसताना
एकट्या बाबांना कळलं.
पान सारखं, काटा सारखा.
पाच वर्षं कोणाला पत्ता लागला नसता,
सहाव्या वर्षी दोष जमिनीला गेला असता.
रुमालात पैसे बांधून ते सायकलने नांदगावला गेले.
बोबडे म्हणाले, "कोन पायलं होतं, मास्तर?"
हा प्रश्न बाबांना भलताच आवडला.
घरी आल्यावरही मान हलवत होते,
"पाय ना रुथे, किती बराबर इचारलं त्यानं."

अंजिराखाली बसलेल्या ज्या माणसावरून
त्यांचं नाव ठेवलं,
त्यालाही कोणी हाक मारायच्या आधीच
पाहून ठेवलं होतं.

यात पुरावा नाही. वर्गात मी मुलांना सांगते,
मन खाणं हे कोणाच्या असण्याचं प्रमाण होत नाही;
घरचं वळण, गावाचं भय, एवढ्यानंही भागतं.
फळ्यावर ते नीट दिसतं.
नांदगावच्या रस्त्यावर, त्या चढावर,
जिथे सायकल हातात धरून चालावं लागतं,
तिथे मात्र तेवढ्यानं भागत नाही.

या डिसेंबरात त्यांच्या बोटांना कंप आहे.
ते खाटेवरून सांगतात, मी चिरा देते.
"खोल नोको. लाकडाले लागू देऊ नोको.
साल उघडली का डोळा आपला आपला बसते."
"आणि नाही बसला तर?"
"तं एकवीस दिवसानं पट्टी सोडली का काया दिसते."
"आणि हिरवा दिसला, तर तुमचं सिद्ध झालं?"
हसू आलं, हसण्यातून खोकला.
"हिरवा दिसला तं पानी देजो."

आज अठरावा दिवस.
वाफ्यावरून जाताना मी पट्टीला बोट लावते,
सोडत नाही.