पाळीवरून

वाऱ्यानं मांडव उचलला तेव्हा
अर्धं वऱ्हाड फोटोत यायचं राहिलं होतं.
मी स्टँड खांद्यावर टाकून निघालो तलावाच्या पाळीवर,
कॅमेऱ्याच्या डोक्यावर आहेराच्या साडीचं प्लॅस्टिक.

सत्तेचाळीस फोटो.
सत्तेचाळीस वेळा ईज चमकून गेल्यानंतरचा अंधार,
एकात नुसतं माझं बोट.

गुडघाभर पाण्यात जाळं गोळा करत
दसरू ढिवर म्हणाला,
“तिच्या मांगं कायले धावतं बापा?
थे पान्यात येते.”

भिंग खाली वळवलं.
शटर उघडं ठेवून अठरापर्यंत मोजलं.

घरी येऊन पाहिलं :
आभाळ चौकटीत नाहीच.
कमळाच्या पानांखालून फुटलेली
एक पांढरी मुळी,
ती जिथं दुभंगते तिथं
दसरूच्या पोटऱ्या,
काळ्या, जरा वाकड्या,
अजिबात न हललेल्या.